वाळूतली ओल

तीन न्यूजरीडर समोर आहेत, एकच निवडायचा.
शिकलगारांचा अमीन म्हणतो, काका, युजनेट आता वापरतं कोण?
मी वापरतो. तू पुढं बोल.

पहिला देखणा. गोल कोपरे, मोठी चित्रं,
पण धागा तोडतो. कोण कुणाला उत्तर देतंय कळत नाही,
पंगतीत आमटीवाल्याला सगळ्यांनी एकदम हाक मारावी तसं.
दुसरा फुकट, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं,
माऊस लागत नाही, नुसती बोटं पळतात.
पण त्याला मराठी येत नाही.
माझ्या सहीतलं ‘उद्यमनगर, कोल्हापूर’
नुसती प्रश्नचिन्हं होऊन बसतं,
जकात नाक्यावर ट्रक अडवून विचारावं, कुठला माल?
तिसऱ्याला पैसे पडतात.

सत्त्याण्णव साली निवड सोपी होती.
दुकानात एकच फ्लॉपी होती.
रात्री फोन स्वस्त झाला की मॉडेम किंचाळायचा,
पत्रं ओढून घ्यायची, लाइन सोडायची,
आणि वाचायची सकाळी, भट्टी लाल होईस्तोवर.
ओतकामाचा ग्रुप.
जगभरचे ओतारी एका ओसरीवर.

त्यात कोइमतूरचा एक नटराजन.
मी विचारलं होतं, पंपाच्या बॉडीत फुगे येतात, काय करावं?
त्यानं लिहिलं,
कोल्हापूरचा माल म्हटल्यावर फुगे असायचेच.
झालं.
मी काय काय लिहिलं ते आता वाचवत नाही.
मग मेनूत खोलवर एक सोय सापडली:
या माणसाचं काही दाखवू नकोस.
दाबली. एका कळीत माणूस गेला.
गावात हे जमत नाही.
ज्याच्याशी अबोला धरावा तो खासबागेच्या कोपऱ्यावर रोज आडवा येतो
आणि चौथ्या दिवशी चुना मागतो.

फुगे काही थांबले नाहीत.
दोन पावसाळे भंगाराचा ढीग वाढत गेला,
इचलकरंजीचं एक गिऱ्हाईक गेलं,
मग शिरोलीला नवी भट्टी घातली, नवी माणसं आली,
जुनं दुखणं मागं पडलं.

तर अमीननं तिसरा बसवला
आणि जुनी सगळी पत्रं त्यात ओतली,
रस ओतावा तशी, धार न तोडता.
म्हणाला, तुमची ती नकोशांची यादी तेवढी येईना, काका,
तिचा साचा वेगळा आहे. चालेल?
चालेल म्हटलं. यादीत कोण होतं तेच आठवेना.

माझ्या प्रश्नाखाली,
मी भांडून उठलो होतो तिथून,
धागा पुढं गेला होता.
नटराजन, दुसऱ्याच दिवशी: चेष्टा केली, रागावू नका.
आमच्याकडंही येत होते. वाळूतली ओल मोजा.
नटराजन, आठवड्यानं: मोजली का?
नटराजन, जुलैत: या दिवसांत वाढतील, कोअर नीट भाजून मगच बसवा.
मग एक लांबलचक पत्र, आकड्यांचं,
कुठल्या महिन्यात किती ओल, त्याच्या फाउंड्रीतलं.
नटराजन, दिवाळीला: कळवलंत तर बरं वाटेल.
नऊ पत्रं.
माझ्याच टेबलाखाली, माझ्याच डबड्यात,
सगळी ठळक अक्षरांत. म्हणजे न वाचलेली.

कास्टिंग बाहेरून गुळगुळीत असतं.
कापल्यावर कळतं.

हाच ठेवू का, अमीन विचारतो.
मी उत्तराची खिडकी उघडतो. पत्ता सव्वीस वर्षांपूर्वीचा,
ती कंपनी तरी आहे की नाही कुणास ठाऊक.
खाली उद्यमनगर, कोल्हापूर,
काना-मात्रेसकट.
वर लिहितो: मोजली नव्हती.
पाठवतो.

तीस दिवस फुकट आहे काका, मग पैसे भरायचे,
अमीन सांगतो.
भरून टाक, म्हणतो मी,
तीस दिवसांचं काय धरून बसायचं.